सारख्या वजनाची आम्लं

विंचवाच्या विषातून वेदना शमवणारं एक छोटं प्रथिन वेगळं काढण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली होती. विभागप्रमुखांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर त्याच्या तुकड्यांची वजनं घेतली, त्यावरून अमिनो आम्लांचा क्रम ठरवला आणि त्याबरहुकूम तसंच प्रथिन बनवून घेतलं. ते पेशींवर घातलं, तर परिणाम शून्य.

"ताई, तुमचा मूळ नमुनाच अशुद्ध असणार," प्रमुख भर बैठकीत म्हणाले.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही दोन अमिनो आम्लं वजनाला अगदी सारखी; नुसत्या वजनावरून ती ओळखता येत नाहीत, हे या माणसाला ठाऊक नव्हतं थोडंच. अंदाजाने एक नाव ठोकून दिलं, आणि खापर मात्र ताईंच्या माथी.

उरलेला नमुना घेऊन त्या कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राकडे गेल्या. ते प्रथिनाच्या टोकाचं एकेक आम्ल रसायनाने सोडवून ओळखतं. चौथ्या जागी आयसोल्युसिन निघालं. प्रमुखांनी ल्युसिन धरलं होतं. क्रम सुधारून बनवलेलं प्रथिन बरोबर लागू पडलं.

"दोन्ही यंत्रांची जोडी छान जमली. यश आपल्या सगळ्यांचं," प्रमुख हसत म्हणाले.

"यश सगळ्यांचं असू दे, सर. पण माझा नमुना अशुद्ध म्हणालात ते भर बैठकीत. तो शुद्ध होता, हेही तिथंच सांगा."

पुढच्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं, मान खाली घालून, पुटपुटत. ताईंनी त्यांना तेच पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं.