केरबातात्यांच्या वाढदिवसाखाली

आमच्या फाउंड्रीत बोलणाऱ्या माणसांचा तुटवडा नाही. भट्टीच्या आवाजावर आवाज काढायची सवय, त्यामुळे घरी 'मीठ द्या' म्हटलं तरी शेजारची बाई मिठाची बरणी घेऊन दारात येते. पण हीच माणसं कागद पुढे केला की मुकी होतात. "लेखी दिलं की फाईल होती," असं ती म्हणतात, आणि फाईल झालेल्या माणसाकडे पाहावं तसं तुमच्याकडे पाहतात.

अशा कंपनीत सौंदर्या मगदूम पुण्याची चांगली नोकरी सोडून आली. गडहिंग्लजची मुलगी, बोलायला मऊ, ऐकायला आणखी मऊ, आणि ठरवलं ते सोडायचं नाही हा गुण बहुधा घरचाच. मालक शशिधरअण्णांना तिनं पटवून दिलं होतं की शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या तिन्ही कारखान्यांसाठी मिळून एक पान हवं. फोनवर उघडणारं. तिथं साहेबानं लिहावं, कामगारानं लिहावं, एकानं लिहिलेल्याखाली दुसऱ्यानं उत्तर द्यावं, आणि ते सगळ्यांना दिसावं. नाव ठेवलं कट्टा.

आमचे जनरल मॅनेजर यशराज इंगवले यांनी पहिल्याच बैठकीत अट घातली. "जे काही लिहितील ते आधी माझ्याकडं येऊ दे. मी बघून सोडतो."

"सर, तुम्ही बघून सोडलं की तो नोटीस बोर्ड झाला," सौंदर्या म्हणाली. "नोटीस बोर्ड आपल्याकडं आहेच. त्याच्यावर मागच्या वर्षीची सुट्ट्यांची यादी अजून आहे."

अण्णा हसले. पण ते हसून पैसे सोडणारे नव्हेत. "दसऱ्यापर्यंत चालव पोरी," ते म्हणाले. "तेवढ्यात एक तरी काम असं दाखव, जे ह्या पानाशिवाय झालं नसतं. न्हाईतर बंद." पान बंद म्हणजे सौंदर्याही बंद, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तिच्या नेमणुकीच्या पत्रावर मुदत तीच होती, आणि ते पत्र हिशेब खात्यात माझ्याच कपाटात होतं.

पहिले काही आठवडे कट्ट्यावर चिटपाखरू नव्हतं. सौंदर्या प्रश्न विचारायची, "कॅन्टीनबद्दल काही सूचना?" तिन्ही कारखान्यांतून एकच उत्तर यायचं: "सगळं चांगलं आहे." त्या कॅन्टीनची आमटी मी खाल्लेली आहे.

मग कागलच्या कुणीतरी कट्ट्यावर एक फोटो टाकला. कोल्हापुरात चौकाचौकात वाढदिवसाचे बोर्ड लागतात तसा: काळा गॉगल, गळ्यात हार, मागे ढग, आणि खाली शुभेच्छुकांची नावं. बघता बघता कट्टा बोर्डांनी भरून गेला. पुण्याच्या ज्या कंपनीकडून ही व्यवस्था घेतली होती, त्यांचा सल्लागार फोनवर कळवळला. "मॅडम, वाढदिवस ताबडतोब बंद करा. कामाचं पान आहे हे."

फोन ठेवून सौंदर्या माझ्याकडे वळली. आमची टेबलं शेजारी शेजारी. "काका, बंद करू?"

"कामाचं तर काहीच येत नाही."

"पण लिहायला तरी लागलेत. शुभेच्छा दिल्या म्हणून कुणाची फाईल होत नाही, हे त्यांना कळलंय. राहू दे."

मला वाटलं, पोरगी नोकरी घालवणार. आज सांगतो, तिची ही नजर आमच्या सगळ्या बैठकांपेक्षा पुढची होती.

केरबातात्या चौगुले हे कागलच्या भट्टीवरचे जुने सुपरवायझर. त्यांचा बोर्ड लागला तो मात्र थाटातला. गॉगल तात्यांचा स्वतःचा, फेटा कुणाचा तरी मागून आणलेला. खाली शुभेच्छांची रांग लागली. त्यात शिरोलीच्या एकानं लिहिलं, "तात्या, केक पाठवलाय, अखंड पोचला का?"

कागलवरून लगेच उत्तर, "तुमचे कोअर पोचतात तसा पोचला. चमच्यानं खाल्ला."

इथं जरा थांबून सांगायला हवं. कोअर म्हणजे वाळूचा कडक साचा. पंप ओतताना त्याचं पोट पोकळ राहावं म्हणून तो मोठ्या साच्याच्या आत बसवतात. दिसायला दगड, आपटला की बिस्कीट. आमचे कोअर शिरोलीत बनतात आणि ट्रकनं कागलला जातात, आणि तिथं पोचेपर्यंत त्यातले बरेच फुटतात. शिरोली म्हणायची, कागलचे लोक उतरवताना आपटतात. कागल म्हणायची, शिरोली फुटकेच पाठवते. दोन्हीकडचे साहेब एकमेकांना इंग्रजीत ईमेल पाठवायचे. आणि त्या नुकसानीचा खर्च कुणीच आपल्या नावावर घेत नसल्यामुळे मी तो 'इतर' या खात्यात टाकायचो. ते खातं आता इतकं सुटलं होतं की त्याचा पण वाढदिवस करावा.

तर तात्यांच्या वाढदिवसाखाली शिरोली उसळली. "आम्ही गवतात गुंडाळून देतो, हे बघा," म्हणून पॅकिंगचा फोटो. कागलनं खोक्यातल्या भुग्याचा फोटो टाकला. मग ट्रकचा ड्रायव्हर ज्ञानू, ज्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, त्यानं लिहिलं, "दोघं बी भांडू नका. हायवेला काय होत न्हाई. कागलच्या मागल्या गेटचा रस्ता बघा एकदा. माझं दात हलत्यात, कोअरचं काय घेऊन बसलाय."

"मागल्या गेटनं कशाला जातोस मग?" शिरोलीनं विचारलं.

"पुढलं उघडत न्हाईत."

"का उघडत न्हाईत?"

यावर कागलच्या वॉचमननं खरं ते लिहून टाकलं, "साहेबांचा आदेश हाय. पुढलं गेट पावण्यांच्या गाड्यांसाठी मोकळं ठेवायचं."

"पावणं सणासुदीला येत्यात, कोअर रोज येत्यात," खाली कुणीतरी लिहिलं, आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

मी वाचत होतो आणि थक्क होत होतो. यातल्या कुणालाही सगळं माहीत नव्हतं. शिरोलीला पॅकिंग माहीत, ज्ञानूला रस्ता, वॉचमनला हुकूम. एका जेवणाच्या सुट्टीत थट्टा करता करता त्यांनी ते जोडलं होतं. एवढ्यासाठी आम्ही बाहेरचा तज्ज्ञ बोलावणार होतो.

"सौंदर्या, झालं तुझं काम," मी म्हणालो.

पण संध्याकाळी ते सगळंच नाहीसं झालं.

काढलं होतं यशराजसाहेबांनी. ते एका गिऱ्हाइकाबरोबर जेवायला बसले होते, फोन वाजला, पाहिलं तर आपला हुकूम चव्हाट्यावर आणि त्यावर हशा. साहेबांना तेवढी सत्ता दिलेली होती. त्यांनी मूळ पोस्टच काढून टाकली. तिच्यासकट खालचं सगळं गेलं. साहेब माणूस वाईट नव्हे. रात्रपाळीला कुणाला लागलं तर स्वतःची गाडी काढणारा. पण चारचौघांत हसणं त्यांना सोसत नाही.

त्यांच्या लेखी त्यांनी एक तक्रार पुसली होती. कागलच्या लेखी त्यांनी केरबातात्यांचा बोर्ड उतरवला होता.

हा फरक कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इथं माणूस कर्जाचं बोलणं ऐकून घेईल, पण त्याच्या वाढदिवसाचा बोर्ड कुणी फाडला तर गल्ली उठते. त्यातून त्या दिवशी तात्यांची बहीण विठाबाई कोडोलीहून मुद्दाम आली होती. तात्यांनी सगळ्यांना जवळ बसवलं, फोन काढला, "बघ आक्का, तिन्ही कारखान्यांनी माझा बोर्ड लावलाय," म्हणत पान उघडलं. पानावर काहीच नव्हतं. त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईनं, फोन उलटासुलटा करून पाहिला. तात्या म्हणाले, नेट गेलंय. पण नेट होतं.

दुसऱ्या दिवसापासून कागलमधून कट्ट्यावर एक अक्षर नाही. त्यांच्या बाजूनं शिरोली आणि शिरगावही गप्प. काल ज्यांची कोअरवरून भांडणं होती, ते आज एक झाले होते. आणि कट्ट्याचा निकाल लावणारी अण्णांची बैठक त्याच आठवड्यात होती.

"काढलेलं परत लावता येतं ना तुला?" मी सौंदर्याला विचारलं.

"एका बोटानं."

"मग लाव की! आणि अण्णांना दाखव. साहेबांचाच हुकूम निघाला, तू जिंकलीस."

तिनं मान हलवली. "मी लावलं तर ते माझं आणि सरांचं भांडण होईल, काका. मग लिहायच्या आधी प्रत्येक जण बघेल, मी कुणाच्या बाजूला आहे. ज्यानं काढलं त्यानंच लावलं पाहिजे."

ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ती केबिन काचेची आणि दार कधीच नीट लागत नाही, याचं श्रेय मी घेत नाही.

"कट्ट्याचं बोलायला आली असशील," साहेब म्हणाले. "गेटचा विषय मी बैठकीत घेतो. असा उघड्यावर नको."

"सर, गेटचं कागलमध्ये कुणी बोलतच नाही."

"मग रुसलेत कशाला?"

"केरबातात्यांचा बोर्ड तुम्ही भर चौकात उतरवलात म्हणून."

"मी?" साहेब खुर्चीत ताठ झाले. "मी कशाला तात्यांचा बोर्ड उतरवू? मी ते खालचं..."

"खालचं जे होतं, त्याच्या वर तात्यांचा फोटो होता. गॉगल घातलेला." मग तिनं विठाबाईंचं सांगितलं. आवाज जराही न चढवता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अगं, मला आधी सांगायचंस की."

"तेच सांगायला आले."

"लाव, लाव परत. आत्ता लाव."

"मी नाही सर. तुमच्या नावानं गेलाय, तुमच्याच नावानं यायला हवा."

"आणि गेटचं?"

"ते तुमचं. पण बोर्ड आला की खालचं बोलणंही येणार."

ती बाहेर आली आणि टेबलाशी बसून राहिली. हात कीबोर्डवर, पण टाइप काही करत नव्हती. बऱ्याच वेळानं आमचे दोघांचे फोन एकदम वाजले. तात्यांचा गॉगल परत आला होता. त्याखाली, सगळ्यात शेवटी, यशराज इंगवले यांच्या नावानं: "तात्या, तुमचा वाढदिवस माझ्याकडून पुसला गेला, माफ करा. उशिरानं शुभेच्छा. पुढल्या गेटचा आदेश माझा होता. उद्यापासून कोअरची गाडी पुढल्या गेटनं येईल. पाहुणे मागून येतील."

साहेबांसारख्या माणसाला हे लिहायला काय लागलं असेल याचा अंदाज मी करू शकतो. मी त्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासतो. त्यात त्यांनी कधी चूक कबूल केलेली नाही.

मग तात्यांनी लिहिलं, "आभारी हाय साहेब. पावण्यांना सांभाळून आणा, दात हलत्यात." आणि बांध फुटला.

बैठकीत अण्णांनी सगळं पहिल्यापासून वाचलं. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ. "छान हाय," म्हणाले. "पण गेट उघडल्यावर कोअर फुटायचं थांबलं का?"

"थांबलं अण्णा, जवळजवळ," यशराजसाहेब म्हणाले. कागलचे प्लँट मॅनेजरही हो म्हणाले.

"जवळजवळ म्हणजे?" दोघंही कागद चाळू लागले. अण्णा सौंदर्याकडे वळले. "मला लिहिता येतंय का ह्याच्यावर?"

तिनं व्यवस्था करून दिली. अण्णांनी एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत लिहिलं, "मी शशिधर. कोअर फुटायचे थांबले का? खरं सांगा."

कट्ट्यावर नुसते जोडलेले हात येऊ लागले. नमस्कार अण्णा. शुभ दुपार अण्णा. अण्णा, आपण आमचे दैवत.

"हे काय चाललंय?" अण्णा म्हणाले. "इचारलं काय, सांगत्यात काय! घंटा वाजवून जात्यात नुसती." त्यांनी फोन टेबलावर सरकवला. "मालकाला जर असंच उत्तर मिळणार असंल, तर मला नोटीस बोर्ड काय वाईट हाय?"

सौंदर्याच्या हातात आता काही उरलंच नव्हतं. तिनं पान उभं केलं होतं. त्यावर खरं कोण बोलणार, हे तिला लिहून देता येत नव्हतं.

फोन थरथरला. केरबातात्या.

"अण्णा, कमी झालं. थांबलं न्हाई. गाडी गेटातनं नीट येती, पण खोकी माणसं उचलत्यात आणि जड हायत ती, सुटत्यात हातातनं. फोर्कलिफ्ट मशीन शॉपकडं असती. सकाळी गाडीच्या टायमाला मिळाली तर बघा. राग आला तर माफी."

लगेच खाली मशीन शॉपचा फोरमन कृष्णात: "मागितली असती तर दिली असती की. पण परत करताना पुसून द्या."

"तुझी काय नवरी हाय व्हय?" तात्या.

"नवरीच हाय. तुमच्यासारख्याला हात लावू देत न्हाई."

अण्णा इतक्या जोरात हसले की चहा घेऊन येणारा दारातच थांबला. मग त्यांनी समोरच्या दोघांकडे पाहिलं. "फोर्कलिफ्टचं ठाऊक होतं तुम्हाला?"

"नाही अण्णा," यशराजसाहेब म्हणाले, आणि पुढे स्वतःहून, "मला ते कागलमध्ये उभं राहूनही कुणी सांगितलं नसतं."

"मला तर जन्मात न्हाई." अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं पत्र बदला. मुदत काढून टाका."

सौंदर्यानं "थँक्यू अण्णा" म्हटलं आणि खाली पाहून पाणी प्यायलं, ग्लास रिकामा होता तरी.

पुढचा विषय पॅकिंगच्या लाकडाचा होता. यशराजसाहेब कागद घेऊन बोलू लागले. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बोटानं पान वर सरकवत, मधेच ओठ हलवत, वाचत चालले होते.

"हा कृष्णात कोण?" त्यांनी विचारलं. "ह्याला मी कधी बघितलंय का?"