चोवीसपैकी चौदा

मी मॉनिटर बोलतोय. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागातल्या चार नंबरच्या खाटेशेजारी मी अकरा वर्षं जागा होतो. सगळे माझ्याकडं बघत, पण आकड्यांसाठी. पेशंट शुद्धीवर आला की त्याला माझा आवाज नकोसा व्हायचा. बरा होऊन जाताना कुणी मागं वळून बघत नसे.

सरजाबाई मात्र आठवतात. शिकवणीच्या गल्लीत त्या मेस चालवायच्या. विळीनं पाय कापला, तर हळद दाबून चार दिवस तापातच पोळ्या लाटत राहिल्या. पाचव्या दिवशी भलतंच बरळू लागल्या, तेव्हा भार्गवीनं त्यांना रिक्षात घालून आणलं. ही पोरगी कंधारची, डॉक्टर व्हायचं म्हणून शिकवणीला आलेली.

वायरी लावल्या आणि मी ओरडायलाच लागलो. नाडी एकशे बेचाळीस, रक्तदाब सत्तर. धाप लागलेली, लघवी बंद.

"सेप्सिस आहे. जखमेतल्या संसर्गानं सगळं अंग घेरलंय," डॉ. यज्ञेश म्हणाले. "मूत्रपिंड, फुफ्फुसं, काहीच सुटलेलं नाही. अवयव किती बिघडलेत, त्याचे गुण चौदा."

गुण म्हटल्यावर भार्गवीच्या तोंडून आपसूक निघालं, "कितीपैकी?"

"चोवीसपैकी. पण इथं गुण जितके जास्त तितकं वाईट. असे दहा आले तर दोन-तीनच घरी जातात."

गौसिया सिस्टरनं कागद पुढं केला. "नातेवाईक कोण?"

"कुणी नाही. भूकंपात सगळे गेले त्यांचे."

"मग तू कोण?"

"मी त्यांच्या हातचं जेवते. अठरा पूर्ण झालेत माझे," असं म्हणून तिनं सही केली.

डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. व्हेंटिलेटर लागला. दुपारी भेटायला दहा मिनिटं मिळत. भार्गवी वर्ग बुडवून यायची. "आज किती?" तेरा. दुसऱ्या दिवशी पंधरा. पंधरा ऐकून ती सरजाबाईंचा हात धरून उभी राहिली. त्या दिवशी सिस्टरनं दहा मिनिटं मोजली नाहीत.

मग अकरा. आठ. पाच.

नवव्या दिवशी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात सरजाबाईंनी पहिलं विचारलं, "पोरींचे डबे?"

"पोरी ब्रेड खाऊन राहिल्या," सिस्टर म्हणाल्या. "अम्मा, इतका ताप होता, सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? भूकंपात घरची चार माणसं दबली. मला साधं खरचटलंबी न्हाई. तवापासून वाटायचं, आपण उगीच मागं ऱ्हायलो. गेलो तर कुणाचं आडतंय?"

सिस्टरनं दार उघडून धरलं. बाहेर मेसमधल्या सहा पोरी उभ्या होत्या. सरजाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांची नाडी एकदम वाढली आणि मी ओरडू लागलो. सिस्टरनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि माझा आवाज बंद केला.

आता त्या काठी टेकत मेस चालवतात, असं पुढं सिस्टरच्या बोलण्यातून कळलं. भार्गवीचं ते वर्ष मात्र हातचं गेलं.

त्याच खाटेवर मग शिवमूर्ती गुरुजी आले. निवृत्त, एकटे राहणारे. गुण दहाच, सरजाबाईंपेक्षा कमी. पण ताप येऊन आठवडा उलटलेला. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडून आणलं. दोन दिवस भेटीच्या वेळेला त्या खाटेपाशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं माझ्या वायरी काढून गुंडाळून ठेवल्या.

आज माझी काच तडकलीय. जागेवर नवा मॉनिटर आलाय आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या सलाईन स्टँडांमध्ये. इथं कुणी येत नाही. तुम्ही भेटलात म्हणून सांगतो. तापात कुणी बरळू लागलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. आणि शेजारचं एकटं माणूस दिवसभर दिसलं नाही, तर त्याची कडी वाजवा. आत आलेल्याचे आकडे मी सांगू शकत होतो. कडी वाजवायला मला हात नव्हते.