पूर्वेकडची दिवळी

भाची येणार म्हटल्यावर धनंजय बाईतने मस्कतच्या रुवी भागातल्या आपल्या दीड खोलीच्या फ्लॅटवर तीन दिवस असा काही झाडू चालवला की शेजारच्या केरळी बाईने काळजीने विचारलं, "नोकरी गया क्या, भाई?" नोकरी जायचीच होती, पण मार्चमध्ये आणि मानाने. शहाऐंशी साली राजापूरकडचा हा पोरगा गवंडी म्हणून मस्कतला उतरला होता आणि आता, २०१४चा डिसेंबर संपत आला असताना, त्याच बांधकाम कंपनीचा स्टोअरकीपर म्हणून सामान आवरत होता.

ज्ञानदा ही त्याच्या धाकट्या बहिणीची, वसुंधराची, थोरली लेक. पुण्यात पुरातत्त्व शिकत होती. पोरं मामाच्या गावाला जातात ती आंबे हादडायला. ही बया मामाकडे थडगी बघायला आली होती. तिच्या वहीत यादीच होती: सलालाजवळची अयुब पैगंबरांची कबर, तिथलंच सुमहुरमचं जुनं बंदर आणि मग इब्रीकडे बात या गावची चार-पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी. यादीच्या तळाशी एका बिननावाच्या बुरुजाखाली तिने लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

"हे काय गो?" धनंजयने विचारलं.

"ते माझं आहे, मामा," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या टीमबरोबर तीन आठवडे आले होते ना, तेव्हा मला सापडलंय. फेब्रुवारीत इटलीत त्याच्यावर पेपर वाचायचाय. त्यांना पटलं तर तिथेच पीएच.डी., स्कॉलरशिपसकट. नाही पटलं तर घरी बसून स्थळं बघा, असं बाबांनी सांगितलंय."

धनंजयला मनातून फार बरं वाटलं. आपल्या घराण्यात कोणी दगड फोडण्याऐवजी दगडावर पेपर वाचणार, ही काही लहान गोष्ट नव्हती.

सलालाची बस बारा तास घेते. डोंगरावरच्या कबरीपाशी त्यांनी चपला काढल्या, ज्ञानदाने डोक्यावरून ओढणी घेतली. आत हिरव्या चादरीखाली लांबच लांब कबर होती आणि लोबानाचा वास होता. शेजारचा म्हातारा तळहात पसरून उभा होता; धनंजयने आपले जोडले.

"बायबलमध्ये ईयोब म्हणतात तोच हा," बाहेर आल्यावर ज्ञानदा सांगू लागली. "मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले, तरी बाबा देवाला सोडेना."

"म्हणजे आमच्यासारखाच. फक्त त्याला रिझाइन करता येत नव्हतं."

ती इतकी हसली की पायऱ्यांवर बसलीच. या हसण्याने धनंजयला आपली आई आठवली. अठ्ठावीस वर्षांत तो ओमानातलं काहीच बघायला गेला नव्हता. सुट्टी मिळाली की गाव, गावाहून आलं की काम. आता निघता निघता या पोरीच्या मागे हिंडताना त्याला आपली सगळी जुनी वर्षं रस्त्याच्या कडेला उभी राहिल्यागत दिसत होती, आणि त्यांचा राग येण्याऐवजी मायाच येत होती.

सुमहुरमला ती शेबाच्या राणीच्या दंतकथा सांगत होती, इथून धूप कुठे कुठे जायचा ते सांगत होती, आणि हा आपला भिंतीवरून हात फिरवत होता. "सांधमोड बघ कशी घेतलीय. एका सांध्यावर दुसरा सांधा नाय. चांगला माणूस होता."

ज्ञानदा बघतच राहिली. "मामा, तुला कळतं यातलं! मग माझा बुरुज तू बघायलाच हवास."

मस्कतला परतून दोन दिवसांनी ते धनंजयच्या जुन्या कोरोलातून इब्रीला गेले. बातला तिने त्याला दगडी थडगी दाखवली. वाळत घातलेल्या टोपल्या उपड्या मारून ठेवाव्यात तशी ती टेकडीवर बसली होती. मग गाडी पुढे निघाली. इब्री मागे पडलं, डांबरी संपली, गाडी खडीवर आली, वादीच्या कोरड्या पात्रातून पलीकडे गेली. धनंजयच्या तोंडची टकळी हळूहळू बंद झाली.

"हा रस्ता तेव्हा नव्हता," तो एकदम म्हणाला.

"केव्हा?"

"तेव्हा." आणि त्याने गिअर बदलला.

खजुरीच्या बागेला लागून तो बुरुज उभा होता. गोल, पुरुषभर उंचीचा उरलेला, बाकी ढिगारा. ज्ञानदाने सॅक खाली टाकली आणि धावतच पूर्वेच्या अंगाला गेली.

"हे बघ! बाकीचा बुरुज बघ आणि हा तुकडा बघ. इथे थर वेगळे आहेत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड आणि फटीत बारीक चिपा ठोकलेल्या. असं काम मी ओमानात दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. आणि हा कोनाडा! बरोब्बर पूर्वेला. आत काजळीसुद्धा आहे. माझं म्हणणं असं, मामा, की हे कारागीर इथले नव्हेतच. ते समुद्रापलीकडून आले. आपल्याकडून! सिंधू संस्कृतीच्या काळी तिकडची जहाजं इथे येतच होती, त्याला पुरावे आहेत. त्या लोकांनी आपली पूजा बरोबर आणली, इथे दिवा लावला. सरांनी फोटो बघून भुवया उंचावल्या, पण मोजमापं घेऊन ये म्हणाले."

कारागीर समुद्रापलीकडून आले होते, हे पोरीचं अगदी बरोबर होतं. फक्त ते विमानाने आले होते, आणि चार हजार वर्षं उशिरा.

धनंजयने तो कोनाडा बघितला आणि ओळखला. राजापूरकडे नुसते दगड रचून जो बांध घालतात त्याला गडगा म्हणतात. बाईतांचा गडगा पंचक्रोशीत नावाजलेला. त्याचे वडील रामकृष्ण बाईत म्हणायचे, चुन्याने काय, कोणीही चिकटवील. दगडाला दगड पटवून देता आला पाहिजे. आणि त्यांच्या घरची एक रीत होती. गडगा पुरा झाला की पूर्वेच्या अंगाला वीतभर दिवळी ठेवायची आणि जागेच्या राखणदाराला पहिला दिवा दाखवायचा. दिवळीवाचून हात धुवायचे नाहीत.

सत्त्याऐंशी साली कंपनीने धनंजयला आणि आणखी दोघांना इब्रीच्या एका अर्बाबकडे, बागेच्या मालकाकडे, फलजचा, म्हणजे तिथल्या पाटाचा, बांध दुरुस्त करायला धाडलं होतं. ते काम उरकल्यावर अर्बाब म्हणाला, बागेकडचा बुरुज ढासळतोय, पडलेलं तेवढं उचलून पुन्हा लावा. दोघांना ताप आला. धनंजयने एकट्याने अकरा दिवसांत तो भाग उभा केला, गावच्या गडग्यासारखा, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. दहाव्या दिवशी मस्कतहून येणाऱ्या पिकअपमधून पत्र आलं. वसुंधराचं, शाळेच्या वहीच्या पानावर. बाबा गेले. पत्र पोचेतो बारावा-तेरावा सगळं होऊन आठवडा उलटला होता. अग्नी चुलतभावाने दिला होता.

चोवीस वर्षांचा पोरगा. रडायला खोली नव्हती, सुतक कोणापाशी पाळायचं ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भिंतीत दिवळी ठेवली, बनियनची पट्टी फाडून वात वळली, दुधाच्या पावडरीच्या डब्याच्या झाकणात डोक्याला लावायचं खोबरेल ओतलं आणि बापासाठी दिवा लावला. परक्याच्या बुरुजात न विचारता केलेलं काम. कोणाला कळलं तर पंचाईत म्हणून त्याने पुढे कुठे तोंड उघडलं नाही. घरीसुद्धा नाही. कसला तो दिवा, सांगण्यासारखा! आणि मग न सांगण्याची सवयच झाली. वसुंधरा मात्र एका भाऊबीजेला ओवाळता ओवाळता बोलून गेली होती, "बाबांचा एक दिवासुद्धा तुझ्या हातून झाला नाही, दादा." तेव्हाही त्याने नुसती ओवाळणी घातली होती.

"मामा, टेपचं टोक धर ना," ज्ञानदा म्हणाली.

त्याने धरलं. ती आकडे घेत होती, गुणगुणत होती. धनंजयच्या डोक्यात मात्र कुरुक्षेत्र चाललं होतं. गप्प बसलं तर काय बिघडतंय? मार्चनंतर हा बुरुज ओळखणारा माणूस ओमानात उरणार नव्हता. पोरगी इटलीला जाईल, डॉक्टर होईल. आणि खरं सांगायचं तर त्याला जरा गुदगुल्याही होत होत्या. आपला हात चार हजार वर्षं जुना ठरतोय, असं भाग्य कोणत्या गवंड्याला मिळालं? पण इटलीतली माणसं काय झोपा काढत असतील? उद्या कोणी शहाण्याने ती काजळी तपासली म्हणजे? पोरगी भर सभेत तोंडघशी पडेल, आणि आपण गावी ओटीवर बसून फणस कापत असू.

खजुरीच्या सावलीत बसून त्यांनी चपाती-भाजी खाल्ली. ज्ञानदा म्हणाली, "पेपर आईला अर्पण करणार आहे. तिला वाटतं मी उगाच दगडांच्या नादी लागलेय."

तेवढ्याने त्याला राहवेना.

"ज्ञानदा, तो भाग मी बांधलाय."

ती हसली. मग त्याचं तोंड बघून हसायची थांबली.

"सत्त्याऐंशी साली. ती दिवळी पण माझी. काजळी पण."

"मामा, चेष्टा नको हां. प्लीज."

तो उठला. दिवळीत हात घालून त्याने डाव्या अंगाची एक चीप अंगठ्याने हलवली, आणि ती निघाली. मागच्या पोकळीतून त्याने गंजून काळं पडलेलं पत्र्याचं झाकण काढून तिच्या हातावर ठेवलं. कडेला दुधाच्या पावडरीच्या कंपनीच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं अजून वाचता येत होती.

ज्ञानदाने झाकण उलटसुलट केलं. मग ती अशी भडकली की खजुरीवरचे पक्षी उडाले. "दोन वर्षं! दोन वर्षं, मामा! रात्रंदिवस हेच केलंय मी. कशाला सांगितलंस? कोणाला कळणार होतं?" आणि पाय आपटत जाऊन गाडीत बसली, दार धाडकन लावून.

धनंजय उन्हात उभा राहिला. चूक केली की बरोबर, त्याला कळेना. पोरीचं नशीब आपल्याच हाताने मोडलं एवढंच डोळ्यांसमोर होतं, आणि आता वसुंधराला काय तोंड दाखवायचं, हे.

पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. डोळे सुजलेले, नाक लाल. हातात नोंदीचा छापील तक्ता आणि पेन.

"बस खाली," ती म्हणाली. "खोटं वाचायला मी इटलीला जाणार नाही. निदान नोंद तरी धड करू दे. बांधकामाचा काळ?"

"जानेवारी सत्त्याऐंशी."

'इ.स.पू. अंदाजे २२००' तिने दोनदा खोडलं. "बांधणारा?"

"लिही, धनंजय रामकृष्ण बाईत."

"कोनाड्याचा उपयोग?"

धनंजय दिवळीकडे बघत म्हणाला, "बाबा गेले होते. पत्र उशिरा आलं."

पेन थांबलं. तिने मान वर केली नाही. "माझे आजोबा?"

"तुझेच गो. आणखी कोणाचे?"

मग त्याने सगळं सांगितलं. वात, झाकण, खोबरेल. ती लिहीत गेली, जागा संपल्यावर कागद उलटा करून लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिने दिवळीचा फोटो काढला. रेंज जेमतेम होती म्हणून ढिगाऱ्यावर चढली, फोन उंच धरला आणि फोटो आईला पाठवून खाली दोन-तीन ओळी टाकल्या. काय टाकलं ते धनंजयने विचारलं नाही.

सामान आवरून ते गाडीपाशी पोचले तोच फोन वाजला. ज्ञानदाने तो मामाच्या हातात दिला.

पुण्याला कुठेतरी प्रेशर कुकरची शिटी झाली.

"दादा," वसुंधरा म्हणाली, "किती वेळ जळला रे तो?"

"दुपारपर्यंत," धनंजय म्हणाला. "मी बसून होतो जवळ." आणि सत्त्याऐंशी साली जे रडायचं राहिलं होतं, ते तो बॉनेटवर डोकं टेकून रडला.