कष्टाला इंग्रजीत काय म्हणतात

“लेबर लिहू का, आई?” सुनेनं पेन टेकवून विचारलं.

“म्हणजे काय ते आधी सांग. न कळता सही ठोकायला मी काही अडाणी नाही. दुसरी पास आहे.”

“अंगमेहनत. आणि बाळंतपणाच्या कळांनाही तेच म्हणतात.”

“मग खोड. कळा तीनदा सोसल्या, पण दर वेळी पोर तरी हाती लागलं. इथं सव्वीस वर्षं झाली, काय लागलं? दुसरा बघ.”

सून हसू दाबत डिक्शनरी चाळू लागली. इस्पितळाच्या धुलाईखात्यात घड्या घालायच्या टेबलावर एक जागा रिकामी झाली होती. बदलीचा अर्ज इंग्रजीत हवा, आणि आत्ताचं काम अवघड कसं, ते एका ओळीत. त्या टेबलावर एकदा बसलेली बाई निवृत्त होईपर्यंत उठत नाही. म्हणजे ही जागा हुकली, की सासूच्या नशिबी उरलेली चार वर्षंही मशीनमधून ओल्या चादरी ओढणंच. तिचा उजवा खांदा वर्षभर वर जात नव्हता. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं; पण सुनेच्या नजरेतून काय सुटतं?

“ग्राइंड? म्हणजे दळणं. तेच तेच काम रोज करण्यालाही म्हणतात.”

“दळणारीला पीठ तरी दिसतं. पुढं.”

“स्लॉग. रेटून केलेलं काम. क्रिकेटमध्ये डोळे मिटून हाणलेला फटकासुद्धा.”

“मी डोळे मिटून काही करत नाही.”

“ड्रजरी. कंटाळवाणं, कुणी ज्याला विचारत नाही असं राबणं.”

सासू म्हणाली, “तो तुला ठेव. स्वयंपाकघरात लागेल.”

“ठेवलाय केव्हाच,” सून म्हणाली आणि पान उलटलं. “टॉइल. घाम गाळणं. जुन्या इंग्रजीत शिकाऱ्याच्या जाळ्यालाही म्हणायचे.”

“जाळ्याचं मला काय करायचंय? पण ऐकायला भारदस्त आहे. बिच्चारी-बिच्चारी वाटत नाही. लिही तोच.”

अर्ज गेला. आता मुख्य कचेरीतून मॅडम येणार, तासभर काम बघणार आणि शेरा मारणार. मुकादम भला माणूस. आदल्या दिवशी त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, “मावशी, उद्या जरा कण्हत काम करा. दोनदा खाली बसा. एखादी चादर हातातून सुटली तरी चालेल.”

“नाटकात घालतोस का मला?”

“एक तासाचं नाटक, मावशी. पुढं चार वर्षं खुर्ची.”

तिला ते पटलं होतं, अगदी मनापासून पटलं होतं. मॅडम आल्या तेव्हा ती ठरल्याप्रमाणे खांदा धरून उभी होती. मॅडम वयानं तिच्या सुनेएवढ्या; नाकाला रुमाल, हातात कागद. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुकादमाला हळूच म्हणाल्या, “वय झालंय हो यांचं. आता यांना कुठलं जमायला?”

हळू म्हणाल्या, पण सव्वीस वर्षं मशीनच्या घरघरीत वावरलेल्या बाईला ओठांवरून बोलणं कळतं.

खांद्यावरचा हात निघाला. मशीनचं दार उघडलं. धुऊन निघालेल्या वीस चादरी वेणीसारख्या एकमेकींत पिळलेल्या असतात. नवख्या बाया हातानं ओढतात. चादर फाटते नाहीतर बाई पडते. हिनं आत वाकून एक टोक शोधलं, मनगटाला गुंडाळलं, पाय रोवले आणि कमरेनं असा हिसका दिला, की सगळी वेणी सळसळत गाडीत येऊन पडली. दुसरं मशीन, तिसरं. भरलेली गाडी एका धक्क्यात सुकवायच्या खोलीत. मुकादम मॅडमच्या मागून हातानं ‘हळू, हळू’ करत होता. तिला तो दिसत होता. खांद्यात कुणीतरी सळई फिरवत होतं, पण चेहऱ्यावर रेघ नाही. मॅडमनी रुमाल काढला आणि म्हणाल्या, “कमाल आहे!”

“नेहमीचंच आहे,” ती म्हणाली.

आठ दिवसांनी पत्र आलं. सुनेनं उभ्याउभ्याच वाचलं आणि खुर्चीत बसली.

“बोल की. दातखीळ बसली का?”

“नाही म्हणालेत. तुमचं काम एफर्टलेस आहे असं लिहिलंय. म्हणजे... कष्ट न पडता केलेलं. ओल्या खात्यात तुमच्यासारखं कुणी नाही, म्हणून तिथंच ठेवावं. नव्या बायकांना तुम्हीच शिकवायचं.”

“परत वाच.”

सुनेनं परत वाचलं. सासूच्या ओठाचा कोपरा क्षणभर वर गेला. सुनेला तो दिसला आणि तिचं डोकंच फिरलं. “एक तास, आई! एक तास थकलेलं दिसायचं होतं. तेवढं जमलं नाही तुम्हाला?”

“नाही जमलं,” सासू म्हणाली. तिनं पत्राचे चारही कोपरे जुळवून घडी घातली, बोटानं कड दाबली. घडी सुरेख पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीची वेळ होत आली तरी ती मोकळ्या केसांनी आरशासमोरच होती. सून दारात आली. सासूनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. मग स्टुलावर बसली, पाठ सुनेकडे केली आणि न वळता, डाव्या हातानं कंगवा मागं धरला.

“घट्ट बांध,” ती म्हणाली. “दिवसभर सुटता कामा नयेत.”