सासऱ्यासमोर ‘आ’

मी ‘आ’ बोलतोय. दचकू नका, कुणी जांभई दिलेली नाही.

माझ्याइतका बिनकष्टाचा स्वर नाही. जीभ खाली पडू द्या, जबडा सैल सोडा, श्वासाला आवाज द्या, झालो मी. ‘ई’साठी ओठ ताणावे लागतात, ‘ऊ’साठी चंबू करावा लागतो. मला फक्त उघडं तोंड लागतं. म्हणूनच बहुधा सभ्य माणसांना मी आवडत नाही.

धरणगावच्या बाजारात गुजराती शेठ ‘आवो’ म्हणतो, अत्तरवाला ‘आइए’. उर्दू लिहिताना तर माझ्या अक्षराच्या डोक्यावर ‘मद्द’ नावाची आडवी टोपीसुद्धा असते. इंग्रजीचे मास्तर ‘फादर’मध्ये मला इतकं लांबवतात, की तेवढ्यात बाप स्टेशनावर जाऊन येईल. तान्हं मूल तर एकही भाषा न शिकता मला वापरतं.

फक्त सुनेच्या तोंडी मी शोभत नाही म्हणे.

यंदा, म्हणजे एकोणीसशे चौपन्न साली, एरंडोलकडच्या बेबाबाईच्या घशात गळू झालं. पाणी उतरेना, श्वास अडकू लागला. सासरे झुलाल आबा आणि सासू भिकुबाई यांनी तिला बैलगाडीत घालून धरणगावला डॉक्टर युसूफांच्या दवाखान्यात आणलं.

“ताई, आ करा.”

बेबाबाईनं पदर दातांत घट्ट धरला. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं? लग्नाला तीन वर्षं झाली, आबांनी तिचा आवाजही ऐकला नव्हता!

मग आबांनीच तोड काढली. “सून शे मनी. तिना वतीनं मी करस आ, तुम्ही दखा!” आणि टोपी सावरून त्यांनी खरोखर जबडा उघडला. एवढा भव्य मी क्वचितच झालो असेन.

डॉक्टरांनी शांतपणे आत डोकावलं. “आबा, तुमचा घसा उत्तम आहे. सूनबाई मात्र गुदमरतेय.”

भिकुबाई कडाडल्या, “भाईर व्हा! पोरना जीव जाई राहिना, आनि तुम्हले मान सुचस!”

आबा ओसरीवर गेले. बेबाबाईनं पदर सोडला, तोंड उघडलं. पण मी येईना, गळवानं वाटच अडवली होती. डॉक्टरांनी चिरा दिला आणि मी असा सुटलो, की गाडीचे बैल उठून उभे राहिले.

मग एकदम शांतता.

“बेबा,” ओसरीवरून घाबरा आवाज आला, “आनखी एक डाव आ कर व माय!”

तिनं केला. ओला, फाटका. आबांनी टोपीनं डोळे पुसले. धूळ गेली असणार, दुसरं काय!

आता ते रोज विचारतात, “घसा कसा शे?” आणि उत्तर कानांनी ऐकल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. पदर अजून डोक्यावर आहे, दातांत नाही.

बाकीच्या घरांना मात्र विनंती. मला हात नाहीत, तरी जोडतो: सुनेच्या तोंडून मला ऐकायला गळू पिकायची वाट पाहू नका.