बालाजीरावांचं दुखणं मी वाहिलं

मी चाकांची खुर्ची बोलतेय. हो, तीच. जिला बघून लोक आवाज खाली आणतात आणि "अरेरे" म्हणतात. ते "अरेरे" मला मुळीच खपत नाही, आधीच सांगून ठेवते. ज्याला म्हणायचंय त्यानं आमच्या घरची वर्षभराची हकिकत आधी ऐकावी आणि मग काय ते म्हणावं.

माझा जन्म तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या एका शेडमधला. निळं रेक्झिन, दोन मोठी चाकं, दोन लहान, दोन ब्रेक, पाय ठेवायला दोन पट्ट्या. माझ्याबरोबरच्या खुर्च्या मोठमोठ्या इस्पितळांत लागल्या. मला मात्र वेस्ट मांबलममधल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून टाकलं. साल २००६, पोंगलचा, म्हणजे इकडच्या संक्रांतीचा, आदला दिवस, भोगी. त्या दिवशी इकडे लोक घरातलं जुनं सामान बाहेर काढतात. हरिप्रियानं मला ऑटोतून उतरवून दारात ठेवलं, ती आत वर्दी द्यायला गेली, आणि तेवढ्यात भंगारवाल्यानं मला उचलून आपल्या गाडीवर चढवलं! जन्माला येऊन आठ दिवस झाले नव्हते हो. पोरगी ओरडत धावली म्हणून वाचले.

हरिप्रिया म्हणजे या घरची लेक. शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरी, राहायलाही तिकडेच. घरात दोघंच म्हातारे. बालाजीराव, वय बहात्तर, रेल्वेच्या कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त. सरोजाबाई, वय अडुसष्ट. दोघंही मूळ तंजावरकडचे मराठी. यांच्या बोलण्यातलं निम्मं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं आणि उरलेलं तमिळ. मी यांच्याच घरी बोलायला शिकले, पण पुढे टीव्हीवरच्या मराठी बातम्या ऐकून जीभ सुधारून घेतली. बाईंची काही सुधारली नाही.

मला आणलं होतं सरोजाबाईंसाठी. त्यांचे गुडघे गेले होते. सहा महिने त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. मला पाहिलं आणि त्यांचं तोंड असं झालं की मीच ओशाळले.

"अय्यो, हें कसाला आणलीस? ह्या चाकांच्या वंडीत मी बसणार नाहीं म्हणजे नाहीं. हिच्यात बसलेला माणूस उठत नाहीं."

झालं! मग महिनाभर माझ्यावर कोण कोण बसलं विचारा. तांदळाची गोणी. लिंबाच्या लोणच्याची बरणी. वाळवणाचे वडे. एकदा तर पूजेच्या दिवशी देवघर पुसायचं म्हणून सगळे देव माझ्यावर आणून बसवले. माणूस तेवढा बसेना.

गल्लीतल्या डॉक्टर गुरुमूर्तींनी तेव्हाच बाईंना बजावलं होतं, "रोज अर्धा तास चाला. काठी घ्या, काहीही घ्या, पण चाला. नाहीतर सहा महिन्यांत अंथरूण धराल." त्यावर बाईंचं उत्तर एकच. काठी टेकत गल्लीतून गेलें तर कोपऱ्यावरची फुलवाली धनलक्ष्मी काय म्हणेल? बायकोचे पाय जाणार या धास्तीनं बालाजीरावांच्या घशाखाली इडली उतरेना. मी समोरच होते, मी पाहत होते.

आणि एका सकाळी काय झालं, बालाजीराव लोणच्याची बरणी उचलून खाली ठेवतात काय आणि स्वतःच माझ्यात बसतात काय!

"डॉक्टर म्हणाले, माझं हृदय कमजोर झालंय," त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. "घरात हिंडायला हरकत नाही. बाहेर मात्र एक पाऊल चालायचं नाही. संपलं. आता देऊळ नाही, वाचनालय नाही. मला ढकलून कोण नेणार?"

मला यांचं वजन कळत होतं आणि छातीची धडधडही पाठीला लागत होती. घड्याळासारखी चालली होती. धडधडीत खोटं!

पण सरोजाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला, पदर खोचला आणि माझ्या मुठी धरल्या. "तोंड वाईट करूं नका. मी मेलें नाहीं अजून. चला, पोलाम!" दारातल्या दोन पायऱ्यांवर फळी टाकली आणि आम्ही तिघं रस्त्यावर आलो. स्वतःसाठी काठी धरायची लाज, पण आजारी नवऱ्याची खुर्ची धरायला कसली लाज? ते तर पुण्य. पहिल्या दिवशी त्या धनलक्ष्मीच्या टोपलीपर्यंत गेल्या. अंगाचा सगळा भार माझ्या मुठींवर. काठीचं काम मीच करत होते, पण नाव नवऱ्याच्या आजाराचं.

हरिप्रिया रविवारी आली, बापाला खुर्चीत पाहून रडायलाच लागली. बाई स्वयंपाकघरात गेल्यावर बालाजीरावांनी तिला खरं सांगितलं. पोरगी कपाळावर हात मारून म्हणाली, "अप्पा, हे अंगाशी येईल."

"तुझी आई कोपऱ्यापर्यंत चालली," ते म्हणाले. "तू चालवून दाखवली असतीस का?"

आता सोंग घ्यावं तर नीट घ्यावं की नाही? यांना आजार हृदयाचा, आणि रस्त्यात कोणी भेटलं की हे पाय चोळायचे. सोमवारी डावा, मंगळवारी उजवा. आरशासमोर उभे राहून खोकल्याचा सराव करायचे. हृदयाला खोकला कशाला हवा, पण बोलणार कोण!

लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. कोणी शहाळं आणून देई, कोणी कढिपत्त्याचा काढा. समोरचे रंगा सर रोज ओट्यावरून बघायचे. त्यांच्या बायकोनं त्यांना तीस वर्षांत कुठं नेलं नव्हतं. चैत्र उजाडला आणि रंगा सरांचंही हृदय कमजोर झालं. मग त्यांच्या दोन्ही शेजाऱ्यांचं झालं. मे महिन्यात आमच्या गल्लीत चार खुर्च्या आणि चार ठणठणीत म्हातारे संध्याकाळी एका रांगेत हवा खायला निघायचे, मागे चार बायका घाम पुसत. डॉक्टर गुरुमूर्तींनी हात टेकले. ते म्हणाले, "एवढी निरोगी साथ मी आयुष्यात पाहिली नाही."

जूनमध्ये आम्ही तिरुपतीला गेलो, सुट्टीला म्हणून. हरिप्रियानं चार दिवस रजा काढली. आजारी माणसांची रांग वेगळी, त्यामुळे आम्ही भराभर पुढे. तोवर ठीक होतं. पण सोन्याचा कळस दिसला आणि बालाजीरावांना मन खाऊ लागलं. देवासमोर खोटं बसायचं? ते हात जोडून ताडकन उभे राहिले.

बाप रे! मागून एक बाई किंचाळली, "गोविंदा! नडक्करार! चालायला लागले!" आणि सगळी रांग आमच्या अंगावर. कोणी बालाजीरावांच्या पायावर पडतंय, कोणी माझ्या चाकाला हळद लावतंय. एकानं आपला तान्हा पोरगा माझ्यात बसवून उचलला, तुळशीची माळ माझ्या मुठीला अडकवली. आणि या गोंधळात सरोजाबाई काय करत होत्या? नवऱ्याला दंडाला धरून खाली दाबत होत्या. "बसा म्हणतें ना! डॉक्टरांनीं काय सांगितलें? चमत्कार घरीं गेल्यावर करा!"

गंमत सोडा, पण एक सांगते. माझ्या मुठींवरचा भार महिन्यामहिन्याला कमी होत होता. ते फक्त मला कळत होतं. आषाढात आम्ही मंडईपर्यंत जायला लागलो. नवरात्रात इकडे घरोघरी बाहुल्या मांडतात, त्या बघायला अकरा घरं केली. बाई आत जाऊन हळदीकुंकू घेऊन येणार, आम्ही दोघं बाहेर चपलांजवळ. प्रत्येक घरातून आजारी माणसासाठी म्हणून वाटीभर हरभऱ्याची उसळ बाहेर यायची. अकरा वाट्या उसळ! परतीच्या वाटेवर मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक.

मग दिवाळी आली. पावसाळा इकडे दिवाळीला सुरू होतो. टी. नगरला लुगडं घ्यायला निघालो, वाटेत दुरैस्वामी सबवेचा, म्हणजे रेल्वेच्या रुळांखालून जाणाऱ्या रस्त्याचा, उतार लागतो. उताराच्या तोंडाशी एक चिमुकलं पिल्लैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, देऊळ आहे. आता इकडची रीत अशी की पिल्लैयारसमोर डावा कान उजव्या हातानं आणि उजवा डाव्या हातानं धरायचा आणि उठाबशा काढायच्या. सरोजाबाईंना पाच वर्षं ते जमलं नव्हतं, नुसता नमस्कार करून पुढे जायच्या. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे. त्यांनी दोन्ही कान धरले.

दोन्ही हातांनी दोन कान धरल्यावर मला कोण धरणार?

मी निघाले! बालाजीरावांच्या हाताशी ब्रेक होता, दोन्ही बाजूंना होता. पण ते मान वळवून मागे बघत होते. बायको खाली बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. "सरोजा, तीन झाल्या! चार!" असं मोजत, टाळ्या पिटत हा माणूस उलटं तोंड करून उतारावरून चाललाय. मी मनातल्या मनात ओरडतेय, अहो ब्रेक! ऑटोवाले बाजूला होतायत, केळीवाल्यानं हातगाडी ओढून घेतली. मग पाहिलं तर मागून सरोजाबाई धावत येतायत. निऱ्या हातात, अंबाडा सुटलेला, आणि धावतायत! अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली बाई!

सबवेच्या तळाशी पावसाचं पाणी साचलं होतं. मी त्यात घुसले, आडवी झाले, आणि बालाजीराव पाण्यात बसले. बाई पोहोचल्या. धापा टाकत, हसत.

"उठा आतां," त्या म्हणाल्या. "सोंग पुरे. मला गोकुळाष्टमीपासून माहीत आहे. डॉक्टरच बोलून गेले, तुमच्या यजमानांचें नाटक काय म्हणतें म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोललें असतें तर तुम्ही उठला असतां. मग मी कोणाला धरून चाललें असतें?"

बालाजीराव हसले आणि उठायला गेले. उठता येईना. पुन्हा गेले. पाय लटपटले आणि ते परत पाण्यात बसले. बाई अजून हसतच होत्या.

"सरोजा, नाटक नाही गं," ते म्हणाले. "पायात जोरच नाही."

डॉक्टर गुरुमूर्तींनी त्यांच्या पिंढऱ्या दाबून पाहिल्या. नवीन आजार काही नव्हता. रस्ता बंद म्हणून आठ महिने बाहेर पाऊल नाही आणि घरातही सोंग वठवायला हा माणूस दिवसभर माझ्यातच बसून राहिला, जेवायला माझ्यात, पेपर वाचायला माझ्यात. वापरले नाहीत, पाय गेले. "रोज अर्धा तास चाला," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर सहा महिन्यांत अंथरूण."

आणि आता हे हेडक्लार्कसाहेब! काठी? मी? कचेरीतली माणसं अजून या गल्लीतून जातात! पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. फराळाला हात लावला नाही. सरोजाबाई उशाशी बसून राहायच्या. मला फार वाईट वाटलं. मीच त्यांचे पाय खाल्ले असं वाटलं.

सहाव्या दिवशी शनिवार होता. बाई हरिप्रियानं आणून दिलेलं दिवाळीचं नवं हिरवं लुगडं नेसून आल्या, माझ्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या, आणि धप्पकन माझ्यात बसल्या. पहिल्यांदाच.

"माझा गुडघा पुन्हा गेला," त्या म्हणाल्या. "मारुतीला जायचें आहे. काय करूं?"

बालाजीराव उठून बसले. बायकोकडे पाहत राहिले. चारच दिवसांपूर्वी ती पिंपातलं पाणी दोन्ही हातांत बादल्या घेऊन आत आणत होती, ते त्यांनी अंथरुणातून पाहिलं होतं. मूर्ख नाहीत ते.

"थांब," ते म्हणाले, "चपला घालतो."

आता पुन्हा पोंगल आलाय. मला या घरात येऊन वर्ष झालं. माझं एक चाक सबवेच्या पाण्यानं कुरकुरतं, रेक्झिनला लोणच्याचा डाग आहे. बाकी मी ठीक आहे. रोज संध्याकाळी आम्ही निघतो. पुढे ताठ बसलेल्या सरोजाबाई, मागे माझ्या मुठींवर भार टाकून पाऊल पाऊल टाकणारे बालाजीराव. धनलक्ष्मी म्हणते, बघा हो, काय नवरा आहे! ते ऐकून यांची छाती फुगते आणि आणखी दहा पावलं जास्त पडतात.

एक विनंती करते. आम्ही रस्त्यात दिसलो तर "थांबा आजोबा, मी ढकलतो" म्हणून पुढे येऊ नका. तुमचं मन चांगलं असेल, पण बाजूला व्हा. आणि चढ आला की वाकून खाली बघू नका. बाईंचे पाय तेव्हा माझ्या पट्ट्यांवर नसतात. हिरव्या लुगड्याच्या आत दोन्ही तळवे जमिनीला लावून त्या मला हळूच पुढे ओढत असतात, मागे कळणार नाही इतपतच.