हिरवा दिवा

हेमांगीनं रिसेटचं बटण दाबलं, सोडलं. हिरवा दिवा लागला, औषधाच्या पंपाची मोटर घुर्र करून फिरली. पुन्हा दाबलं, सोडलं. सकाळपासून हेच चाललं होतं. अंगठा हुळहुळून गेला होता. मग एकदा दिवा लागला, आणि मोटर गप्पच.

हेच ती शोधत होती.

नर्सिंग होममध्ये बत्ती गुल होऊन परत आली तेव्हा चाचणीसाठी ठेवलेला हाच पंप थांबून राहिला होता, आणि पेशंट गेला होता. ठपका सरला नावाच्या नर्सवर आला. पंप तिनं पाहिलाच नाही, म्हणे. ती सांगत होती, दिवा हिरवा होता.

पंपाच्या चिपचा कोड हेमांगीचा. बटण दाबलं किंवा वीज जाऊन आली की रिसेट लागतो; तो लागला की सगळं जागच्या जागी थांबावं, चिपमधल्या क्लॉकच्या ठोक्याची वाट न पाहता. ते तिनं बरोबर लिहिलं होतं. पण रिसेट सुटायचाही केव्हाही, ठोक्याच्या अगदी तोंडावरसुद्धा. मग काही सर्किटं जागी, काही झोपलेली; कधी दिवा जागा आणि मोटर झोपलेली. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या कीर्तनात लहानपणी ती वडिलांशेजारी टाळ धरून बसे. बुवांनी हात वर केला की मधल्याच मात्रेवर सगळे गप्प. पण पुन्हा उचलायचं ते समेवर, सगळ्यांनी मिळून. एवढं ठाऊक असून हातून हे झालं होतं.

तिनं कोड सुधारला. रिसेट लागो केव्हाही, सुटेल ठोक्यावरच. पंपाच्या चिपच्या नव्या बोर्डात तो भरला आणि कंपनी चालवणाऱ्या निखिलसरांना सगळं सांगितलं.

"अच्छा! मग उद्या चौकशीला हाच आण."

"सर, पण त्या दिवशीचा कोड..."

"त्या दिवशीचं कोण विचारतंय? नोएडात आत्ता कुठे पाय रोवतोय आपण, यार. कंपनी बुडाली तर तूही घरी, मीही घरी."

दुसऱ्या दिवशी नर्सिंग होममध्ये चौकशीला बसलेल्या डॉक्टरांनी सरलालाच बटण दाबायला लावलं. तिनं दाबलं. मोटर फिरली. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरली. दर वेळी.

"देखा, सिस्टर? मशीन तो बिल्कुल ठीक है."

सरला दिव्याकडे बघत राहिली. "पांडुरंगा," ती स्वतःशीच पुटपुटली, "मग मी पाहिलं ते काय?"

मराठी ऐकून हेमांगीनं मान वर केली. मग पिशवीतून आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेला बोर्ड काढून टेबलावर ठेवला.

"वो नया है. उस दिन का ये है," ती डॉक्टरांना म्हणाली. "गलती मेरे कोड में है. नर्स की नहीं."

निखिलसरांचा चेहरा उतरला. तिनं पंपाच्या वायरी जुन्या बोर्डाला जोडल्या.

"दाबा, सरलाताई."

दिवा लागला. मोटर फिरली.

"पुन्हा."

फिरली. पुन्हा फिरली. निखिलसर हळूच खुर्चीत मागे रेलले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, फाइल मिटली. सरलानं हेमांगीकडे पाहिलं.

बोर्ड चालू दे, असं हेमांगीनं देवाकडे आजवर कितीदा मागितलं होतं. आज टेबलाखाली हात जोडून ती उलटंच मागत होती.

"दाबत राहा, ताई," ती म्हणाली.

हिरवा दिवा लागला. मोटर घुर्र करून फिरली.